मगनवाडीचा अभ्यासक्रम आणि आजची ऑनलाइन पदवी

पत्रिकेवर आजचा विषय 'वर्ध्यातील पर्यावरण-शिक्षणाचा इतिहास' असा छापला आहे. इतिहास म्हटला की आपण मागून पुढे येतो. आज आम्ही जरा उलटं करणार आहोत.

आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही जणांनी गेल्या तीन-चार वर्षांत पर्यावरण आणि शाश्वतता या विषयातल्या ऑनलाइन पदव्युत्तर पदवीसाठी नावं नोंदवली आहेत. कुणी शाळेत शिक्षक आहे, कुणी बँकेत आहे, एक जण वावर सांभाळून अभ्यास करतो. रात्री जेवणं आटोपली की मोबाइलवर व्याख्यानं ऐकायची, असाइनमेंट लिहून अपलोड करायच्या. यांच्या वाचनात १९७२ ची स्टॉकहोम परिषद असते, १९८७ चा ब्रुंटलंड अहवाल असतो, आणि शूमाकरचं १९७३ सालचं 'स्मॉल इज ब्यूटिफुल' असतं. त्या पुस्तकात बौद्ध अर्थशास्त्रावर एक निबंध आहे आणि त्यात एका भारतीय अर्थशास्त्रज्ञाचा आधार घेतलेला आहे. तो वाचून एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारलं, "सर, हे कुमारप्पा कोण?" तिचं घर मगनवाडीपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे.

यात तिला हसण्यासारखं काहीच नाही. लंडनमार्गे का होईना, नाव तिच्यापर्यंत पोचलं. पण वर्ध्यात जन्मलेल्या माणसाला वर्ध्यातला विचार इंग्लंडमधल्या पुस्तकातून कळावा, हे कसं घडलं, ते आज आपल्याला पाहायचं आहे.

तर जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. हे कुमारप्पांचं मूळ नाव. जन्म ४ जानेवारी १८९२, तंजावरचा, ख्रिस्ती कुटुंबातला. लंडनला हिशेबनीस म्हणून शिक्षण, मुंबईत ऑडिटरची पेढी, अंगात सूट, राहणी साहेबी. मग अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात व्यवसाय-व्यवस्थापन आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त या विषयात एम.ए., १९२८ साली. हकीकत अशी सांगतात की न्यूयॉर्कमधल्या एका चर्चमध्ये त्यांनी 'भारत गरीब का आहे?' या विषयावर भाषण केलं, त्याची बातमी वर्तमानपत्रात आली, ती प्राध्यापक सेलिग्मन यांनी वाचली आणि म्हणाले, यावरच प्रबंध लिही. प्रबंध लिहिता लिहिता या हिशेबनिसाला वेगळाच हिशेब दिसू लागला. इंग्रज सरकार घेतं किती, कुठे खर्च करतं, आणि ज्याच्याकडून घेतं त्याच्याकडे परत काय येतं. १९२९ च्या मे महिन्यात साबरमतीला गांधीजींची भेट झाली, प्रबंध 'यंग इंडिया'त क्रमशः छापला गेला, आणि गांधीजींनी ताबडतोब त्यांना गुजरातमधल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायला धाडलं. सोबत गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी. घरोघर जायचं, उत्पन्न विचारायचं, कर्ज विचारायचं, जनावरं मोजायची. कोलंबियाच्या पदवीधराचा खरा अभ्यास तिथे सुरू झाला, असं आम्हाला वाटतं.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगतो, पण ती जाता जाता सांगण्याइतकी लहान नाही. हेच प्राध्यापक सेलिग्मन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेही गुरू. बाबासाहेब कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात होते. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली निघाला, त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. म्हणजे गुरू एक, विषय एक, दोघांचीही दृष्टी आकड्यांवर आणि अन्यायावर. आणि निष्कर्ष? एकाने खेड्याकडे पाहिलं आणि उद्याच्या अर्थव्यवस्थेचं बीज इथे आहे असं म्हटलं. दुसऱ्याने ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत उभं राहून, खेडं हे संकुचितपणाचं आणि जातीय द्वेषाचं घर आहे, त्याचं कौतुक करू नका, असं बजावलं. आमच्या पिढीत बहुतेकांनी यातला एक निवडला आणि दुसऱ्याचं पुस्तक उघडलंच नाही. पर्यावरणाची पदवी घेणाऱ्याने दोन्ही उघडावीत, कारण पाण्याचा, जमिनीचा, सरपणाचा प्रश्न गावात जातीच्या रस्त्यानेच चालतो. विहीर कुणाच्या वावरात आहे आणि नळ कुठल्या मोहल्ल्यापर्यंत आला आहे, हे बघा, लगेच कळेल.

आता वर्धा. १९२१ साली जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून विनोबा इथे आले, आश्रम सुरू झाला. १९३४ च्या ऑक्टोबरमध्ये काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था काढण्याचा ठराव झाला आणि १४ डिसेंबर १९३४ ला वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालालजींनी आपली बाग आणि तिथलं घर दिलं. मगनलाल गांधी १९२८ साली वारले होते, त्यांच्या आठवणीत त्या जागेला मगनवाडी नाव पडलं. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष, कुमारप्पा चिटणीस आणि संघटक. सल्लागारांची यादी पाहिली तर माणूस चकित होतो. रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, सी. व्ही. रामन, आहारशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकॅरिसन. एवढी मंडळी कुठल्या विद्यापीठाच्या विद्वत्सभेवर सापडतील? आणि सल्ला कशाबद्दल, तर तेलघाणी, गूळ, हातकागद आणि हाताने सडलेला तांदूळ.

मगनवाडीत काय शिकवलं जायचं ते नीट पाहू या, कारण आमच्या मते हाच या देशातला शाश्वततेचा पहिला अभ्यासक्रम आहे. हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं एवढंच. झवेरभाई पटेलांनी बैलघाणीत सुधारणा केल्या. ती पुढे 'वर्धा घाणी' म्हणून देशभर ओळखली गेली. घाणीचा प्रश्न काय होता? गावचा शेतकरी तीळ-जवस पेरत होता, पण बी व्यापारी उचलून नेत होते, तेल गिरणीत निघत होतं आणि पेंड गावाबाहेर जात होती. पेंड गेली म्हणजे जनावराचं खाणं गेलं, जनावर अशक्त झालं म्हणजे शेण कमी आणि औत कमी, म्हणजे जमिनीचा कस गेला. एका घाणीमागे ही सगळी साखळी आहे. आज याला 'पोषणद्रव्यांचं चक्र' म्हणतात आणि त्याची सुंदर रंगीत आकृती स्लाइडवर येते. मगनवाडीत ती आकृती बैल फिरवत होता.

रॉकेलवर न चालता वनस्पती तेलावर चालणारा 'मगनदीप' तिथे तयार झाला. गजानन नाईकांनी ताडगुळाचं काम उभं केलं. मधमाश्या पाळल्या गेल्या, कागद तयार झाला. खेड्यात काम करणाऱ्यांसाठी ग्रामसेवक विद्यालय होतं. त्यात उद्योग, आरोग्य, सफाई आणि हिशेब, हे सगळं एकत्र. हिशेबावर कुमारप्पांचा फार जोर. १९३४ च्या बिहार भूकंपाच्या मदतनिधीचे हिशेब त्यांनी इतके चोख ठेवले होते की खुद्द गांधीजींच्या मंडळींच्या खर्चालाही त्यांनी नियम दाखवला, असं सांगतात. ३० डिसेंबर १९३८ ला मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झालं. आमच्याकडे संग्रहालय म्हटलं की मेलेल्या वस्तू आठवतात. इथे मात्र चालणारी अवजारं ठेवली होती आणि ती बघून आपल्या गावात करून पाहावीत अशी अपेक्षा होती.

शेजारच्या सिंदी गावात मीराबेन आणि मगनवाडीतली माणसं झाडू घेऊन जात. गावकरी आधी हसले, मग चिडले, मग दुर्लक्ष करू लागले. स्वच्छतेच्या अभियानाचा हा क्रम अजून बदललेला नाही. आणखी एक गंमत. १९३५ साली मगनवाडीच्या स्वयंपाकघरात गांधीजींनी सोयाबीनचा प्रयोग केला, पोषक आहे की नाही, पचतं की नाही, वजन वाढतं का, याच्या नोंदी 'हरिजन'मध्ये दिल्या. नव्वद वर्षांपूर्वी जे धान्य इथे ताटात तपासलं जात होतं, ते आज वर्धा जिल्ह्याच्या वावरांत मैलोन्‌मैल उभं आहे; मात्र आपल्या कुणाच्याही ताटात ते क्वचितच येतं. ते कारखान्यात जातं, तेल निघतं, पेंड बाहेर. कुमारप्पांना घाणीच्या वेळी जी भीती होती ती नेमकी हीच.

१९३७ च्या २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. निमित्त मारवाडी शिक्षण मंडळाच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवाचं. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने डिसेंबरात अहवाल दिला, आणि पुढच्या वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ सुरू झाला. आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, ते काम पाहू लागलं. 'नई तालीम' यावर इतकं बोललं गेलं आहे की आम्ही त्यात पडत नाही. एवढंच नोंदवतो की टीका त्याच वेळी झाली होती आणि ती फालतू नव्हती. प्रा. के. टी. शहांनी परिषदेतच विचारलं होतं की शाळेने स्वतःचा खर्च काढायचा म्हटलं तर पोरांचं शिक्षण होणार की त्यांच्याकडून उत्पादन करून घेतलं जाणार? मुस्लिम लीगचे आक्षेप वेगळे होते, ते १९३८ च्या पीरपूर अहवालात आहेत. आणि दलितांच्या बाजूने जो प्रश्न येतो तो सगळ्यात टोकदार आहे: पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर चामड्याचं आणि झाडूचं काम लादलं, त्यांच्या मुलाला शाळेतही हस्तोद्योगच? याला सेवाग्रामचं उत्तर होतं की सगळ्यांच्या मुलांनी सगळी कामं करायची. वालुंजकरांनी नालवाडीला मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचं काम चालवलं, ते याच भूमिकेतून. उत्तर प्रामाणिक होतं. पण शहरातल्या वकिलाचा मुलगा इंग्रजी शाळेतच जात राहिला, तेव्हा उत्तर अर्धं राहिलं.

आता कुमारप्पांच्या मुख्य ग्रंथाकडे येऊ. 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' १९४५ चा, जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेला. गांधीजींनी त्याला प्रस्तावना दिली. या पुस्तकाकडे आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून वळलो, अर्थशास्त्राचे म्हणून नाही, आणि अजूनही आम्हाला ते मूल्यमीमांसेचं पुस्तक वाटतं. कुमारप्पा निसर्गाकडे पाहून व्यवहाराचे पाच प्रकार सांगतात. पहिला परोपजीवी: वाघ दुसऱ्या जिवाला मारून जगतो. दुसरा लुटारू: माकड आंबे खातं, झाड मारत नाही, पण झाडासाठी काही करतही नाही. तिसरा उद्यमी: मधमाशी फुलातून घेते आणि त्या बदल्यात फुलाचं परागीभवन होतं. चौथा समूहाचा: तीच माशी स्वतःपुरतं नव्हे, तर पोळ्यासाठी गोळा करते. पाचवा सेवेचा: पक्षीण पिलाला भरवते, परतफेडीची अपेक्षा नाही. माणूस या पाचही पायऱ्यांवर असू शकतो. कुठल्या पायरीवर राहायचं हे तो ठरवतो, आणि ठरवू शकतो म्हणूनच त्याला जबाबदारी लागू होते. वाघाला कुणी जाब विचारत नाही.

त्याच पुस्तकात प्रवाह आणि साठा यांचा भेद आहे. लाकूड, बैलाची ताकद, वारा, पाणी हे प्रवाहातले; काळजीपूर्वक घेतले तर पुन्हा भरून येतात. कोळसा आणि पेट्रोल हे साठ्यातले. काढले की संपले. आणि साठा मूठभर ठिकाणी असतो, म्हणून त्याच्यासाठी मारामाऱ्या होतात. दुसरं महायुद्ध चालू असताना तुरुंगात बसून हा माणूस लिहितो आहे की पेट्रोलवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था शांततेची असू शकत नाही. आज नवीकरणीय आणि अनवीकरणीय हे शब्द सातवीच्या पोराला येतात, पण त्यातला युद्धाचा भाग मात्र वगळला जातो. दुसऱ्या एका ठिकाणी संतुलित शेतीचा हिशेब आहे. एक लाख वस्तीचा मुलूख घ्या, दर माणशी दिवसाला २८६० कॅलरी आणि वर्षाला २५ वार कापड धरा, आणि त्यावरून कुठल्या पिकाला किती एकर लागेल ते मांडा. बाजारभाव काय आहे हा प्रश्न नंतरचा. आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न पहिला असतो. २००२ नंतर बीटी कापूस आला, पऱ्हाटी वाढली, खर्च वाढला, कर्ज वाढलं. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं त्यांत आपला वर्धा होता. ते का मिळालं हे या सभागृहात कुणाला सांगायची गरज नाही.

एक भाषेचा मुद्दा. 'सस्टेनेबल' याला आपण मराठीत 'शाश्वत' म्हणायला लागलो. सरकारी कागदात, पाठ्यपुस्तकात, सगळीकडे शाश्वत विकास, शाश्वत शेती. आमच्या शास्त्रात शाश्वत म्हणजे ज्याला नाश नाही ते. आत्मा शाश्वत, ब्रह्म शाश्वत. शेती कशी शाश्वत असेल? निसर्गात तर प्रत्येक गोष्ट नाशवंत आहे, आणि नाशवंत आहे म्हणूनच चक्र चालतं. पान कुजलं नाही तर खत कुठून येणार? त्यापेक्षा आमच्या बाजारातला 'टिकाऊ' हा शब्द बरा. चादर टिकाऊ आहे का, असं बाई विचारते तेव्हा ती चादर अमर आहे का असं विचारत नाही. किती धुण्या निघतील, एवढंच विचारते. त्यात काळाची मोजणी आहे, वापर आहे आणि निगा आहे. कुमारप्पासुद्धा टिकणं हे सापेक्षच मानतात: माणसाच्या आयुष्याच्या मापाने अमुक गोष्ट कायमची, तमुक क्षणाची. आम्ही एकदा एका समितीत 'टिकाऊ विकास' सुचवलं होतं. सगळ्यांनी चहाचे कप उचलले आणि विषय पुढे गेला.

मग या साऱ्याचं झालं काय? स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजना, धरणं, पोलाद. कुमारप्पा १९४८-४९ मध्ये काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्ष होते, अहवाल जोरदार होता, अंमलबजावणी तुटपुंजी. मग मगनवाडी सोडून ते नागपूर रस्त्यावरच्या सेलडोहला गेले आणि तिथे 'पन्नई आश्रम' काढला. पन्नई हा तमिळ शब्द, अर्थ शेत. शेवटी तामिळनाडूत टी. कल्लुपट्टीला स्थायिक झाले आणि १९६० साली, ३० जानेवारीलाच, वारले. इकडे पवनारला विनोबांनी १९५० पासून कांचनमुक्तीचा आणि ऋषिशेतीचा प्रयोग केला, बैलाशिवाय, हाताने. भूदान सुरू झालं आणि विनोबा चालते झाले.

पण शिक्षण का टिकलं नाही? कारणं पुष्कळ, त्यात एक अगदी साधं. प्रमाणपत्र. सेवाग्रामात उत्तर बुनियादी आणि त्यापुढची उत्तम बुनियादी झालेल्या मुलाला दुसऱ्या विद्यापीठाच्या दारात उभं केलं तर त्याच्या हातातला कागद चालत नव्हता. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांवर एक प्रकरणच लिहिलं, त्याचा पाया पुष्कळसा नई तालीमचाच होता. प्रकरण पुस्तकात राहिलं. शेतकऱ्याच्या घरात पोरगं शिकतं ते नोकरीसाठी, आणि त्याला दोष देणाऱ्याने आधी एक हंगाम कोरडवाहू शेती करून बघावी. काही धागे मात्र राहिले. १९७६ साली देवेंद्रकुमारांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. त्या केंद्राची शंकूच्या आकाराच्या मातीच्या कौलांची कमानीसारखी छपरं ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे की लोखंड न वापरता घर कसं झाकता येतं. मगनवाडीतच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे.

आणि पर्यावरण? तो विषय शिक्षणात परत आला तो वेगळ्याच दाराने. कोर्टाच्या. एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ ला निकाल दिला की पर्यावरण सगळ्यांना शिकवा. बारा वर्षं फारसं काही झालं नाही म्हणून २००३ साली न्यायालयाने पुन्हा सांगितलं, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व पदवी वर्गांना सहा महिन्यांचा सक्तीचा पेपर आणला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरूचांनी तयार केलं. मूळचे शल्यचिकित्सक, आणि पुस्तक चांगलं आहे. पण शिकवणार कोण? आम्ही तेव्हा ज्या महाविद्यालयात होतो तिथे नियम सरळ होता: ज्याच्याकडे तास कमी त्याच्याकडे पर्यावरण. तत्त्वज्ञानाला मुलं किती असतात ते आपण जाणता, तेव्हा पेपर आमच्याकडे आला. आम्ही मुलांना धाम नदीवर नेण्याची परवानगी मागितली. कार्यालयाने सांगितलं, वेळापत्रकात बसत नाही. प्रकल्पाच्या वह्या मात्र वेळेवर आल्या, साठ-सत्तर, सगळ्यांत तोच ओझोनचा थर, त्याच दुकानातून टाइप केलेला. आम्ही त्या तपासल्या आणि गुण दिले, कारण गुण देणं वेळापत्रकात बसत होतं.

यानंतर ऑनलाइन. 'स्वयम्' हे सरकारी व्यासपीठ जुलै २०१७ चं. मग करोना. ४ सप्टेंबर २०२० ला अनुदान आयोगाचे मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नवे विनियम निघाले; मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची ठरली. म्हणजे सेवाग्रामच्या मुलाला जो कागद मिळाला नाही, तो आज घरबसल्या मिळतो. हे लहान काम नाही, आणि आमच्या वयाचे काही लोक मोबाइलवरच्या शिक्षणाला जी नाकं मुरडतात ती आम्हाला पटत नाहीत. देवळी किंवा आर्वीकडच्या खेड्यात लग्न होऊन गेलेल्या, पोरं सांभाळणाऱ्या बाईला विद्यापीठाच्या वर्गात कोण सोडणार होतं? ती आज रात्री साडेदहाला एम.ए. करते. तिच्याकडून पुस्तक आणि बैठक यांत काही कमी पडत नाही. या विनियमांत एक गोष्ट मात्र मनोरंजक आहे. वैद्यक, अभियांत्रिकी, शेती हे विषय या पद्धतीने देता येत नाहीत, कारण त्यांना हाताने करून पाहावं लागतं. पर्यावरण मात्र देता येतं. म्हणजे मातीचं पीक ऑनलाइन शिकता येत नाही, माती येते!

ॲरिस्टॉटलने एक फार बारीक गोष्ट सांगितली आहे. तरुण माणूस उत्तम भूमितिज्ञ होऊ शकतो, पण व्यवहारात शहाणा होऊ शकत नाही. कारण भूमितीला सामान्य तत्त्व पुरतं, शहाणपणाला विशिष्ट गोष्टींचा अनुभव लागतो आणि अनुभवाला वेळ लागतो. आता प्रश्न असा की शाश्वतता भूमितीच्या घरातली की शहाणपणाच्या? कार्बनचं चक्र, जागतिक करार, निर्देशांक हा भाग भूमितीसारखा आहे. तो पडद्यावर शिकता येतो, कदाचित वर्गापेक्षा चांगला. पण आपल्या नाल्याचं पाणी कधीपासून आटतं, धुऱ्यावरची झाडं कुणी आणि का तोडली, या वर्षी तुऱ्हाटी चुलीत गेली की वावरातच जाळली, हे सामान्य तत्त्वातून निघत नाही. ते विचारावं लागतं, आणि विचारायला कुठे तरी उभं राहावं लागतं.

कुणी म्हणेल, हे ऑनलाइनचं दुखणं आहे. आम्हाला तसं वाटत नाही, आमच्या वर्गातही हेच दुखणं होतं. उलट मगनवाडीचं अर्धं काम दुरूनच चाललं होतं. सल्लागार कलकत्त्याला आणि बंगलोरला, कार्यकर्ते देशभर विखुरलेले, मधलं सगळं पोस्टाने. 'हरिजन' साप्ताहिक हा त्यांचा पाठ, 'ग्राम उद्योग पत्रिका' हा दुसरा पाठ. सेवाग्रामला तर टेलिफोनही होता, व्हाइसरॉयला गांधींशी बोलायला सोयीचा पडावा म्हणून बसवलेला, तिथे जाल तेव्हा पाहा. फरक साधनाचा नव्हता. फरक असा की पत्र लिहिणारा आपल्या गावातली अडचण लिहायचा: घाणीचं लाकूड लवकर झिजतं, गुळाला रंग येत नाही, लोक संडास वापरत नाहीत. प्रश्न खालून वर जायचा. आता अभ्यासक्रम वरून खाली येतो आणि शेवटी विद्यार्थ्याला सांगितलं जातं, तुमच्या परिसरातील एक उदाहरण द्या, पाचशे शब्दांत.

दोन वर्षांची पदवी साधारण ऐंशी क्रेडिटची असते. दूरशिक्षणात एका क्रेडिटला तीस तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे चोवीसशे तास झाले. यातले दोनशे तास जरी वर्ध्याला मिळाले तरी काय होईल, हे आमच्या त्या विद्यार्थिनीशी बोलताना आम्ही मोजत होतो. एक सुचवणं तिने उचललं आहे, ते सांगून थांबतो. १९३८-३९ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारने उद्योगांच्या पाहणीसाठी समिती नेमली होती, अध्यक्ष कुमारप्पा. सहाशेच्या वर खेडी पाहिली गेली, अहवाल छापला गेला. त्या अहवालाच्या धर्तीवर आपल्या जवळचं एकच गाव घ्यायचं. तेव्हा अशा गावात जे विचारलं जायचं ते आज पुन्हा विचारायचं. तेली आहे का? नसेल तर तेल कुठून येतं, पॅकेटवर कुठलं नाव आहे, पेंड कुठे जाते? कुंभार काय करतो? चूल कशावर पेटते? किती घरांत जनावर आहे, शेणाचं काय होतं? विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का आणि कुणाच्या? घरोघर जाऊन, वहीत, नीट हिशेबासह.

तिची अडचण एकच आहे. डिझर्टेशनचे मार्गदर्शक दुसऱ्या राज्यात बसतात, त्यांनी विषयांची यादी पाठवली आहे, आणि त्या यादीत एक गाव असं काही नाही. 'शाश्वत विकासाची उद्दिष्टे: एक आढावा' आहे. तिने मागच्या आठवड्यात त्यांना मेल केला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तिने मात्र थांबायचं नाही असं ठरवलंय. येत्या रविवारी ती सिंदीला जाते आहे, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस कोण ते विचारत. आपल्यापैकी कुणाची तिकडे ओळख असेल तर व्याख्यानानंतर जरा भेटावं.